युवा कार्यकर्त्यांना डिझाइन थिंकिंग शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युवा मंडळं, राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरं आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्था यांच्या उपक्रमांत काही मुलं-मुली कायम कडेला राहतात. कुणी येतच नाही, कुणी येऊन नुसतं बसून असतं. डिझाइन थिंकिंग वापरून उपक्रम आखतानाच ही कड कशी मोडायची, म्हणजे उपक्रम समावेशक कसा करायचा, हे कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत.

डिझाइन थिंकिंगमध्ये कार्यकर्त्याने नेमकं काय करायचं असतं?

ज्याच्यासाठी उपक्रम आहे त्याच्याकडे आधी जायचं. त्याची अडचण समजून घ्यायची, ती एका नेमक्या प्रश्नात मांडायची. मग भरपूर उपाय काढायचे, त्यातल्या एखाद-दुसऱ्याचा स्वस्तातला कच्चा नमुना करायचा आणि तो त्याच माणसाला वापरायला देऊन बघायचा. बिघडलं की मागच्या टप्प्यावर परत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिझाइन संस्थेने रूढ केलेली पाच टप्प्यांची मांडणी हीच. इतरांच्या मांडणीत टप्प्यांची नावं आणि आकृत्या वेगळ्या असतात, काम तेच असतं.

आपल्याकडच्या प्रशिक्षणांत मात्र वेळेची वाटणी उलटी होते. भेटीगाठींना अर्धा तास आणि कल्पना लिहायच्या रंगीत चिठ्ठ्यांना अख्खा दिवस. चिठ्ठ्यांचे फोटो छान येतात, पण जे मूल शिबिराला आलंच नव्हतं त्याच्याबद्दलची आपली समजूत तीच राहते. निम्मा वेळ तरी पहिल्या दोन टप्प्यांना आणि चाचणीला द्या.

'समावेशक' म्हणजे दिव्यांग मुलांसाठीच ना?

त्यांच्यासाठी तर आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. त्यांतले बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत. उदाहरणार्थ सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये शिबिर असेल तर एखाद्या शिबिरार्थीला सिकलसेल असणं अगदी शक्य आहे. भर उन्हातलं श्रमदान, कमी पाणी आणि रात्रीची थंडी या तिन्ही गोष्टी त्याला वेदनांच्या झटक्याकडे नेऊ शकतात. तो मुलगा 'आळशी' ठरतो आणि दुसऱ्या दिवशी घरी जातो.

पण कडेला राहण्याची कारणं शरीरापुरती नसतात. ऊसतोड कामगारांची कुटुंबं साधारण दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शिबिरं बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. म्हणजे त्या घरातल्या तरुणांना वेळापत्रकानेच बाहेर ठेवलेलं असतं. पावरी, गोंडी किंवा कोरकू बोलणारी मुलं प्रमाण मराठीतल्या चर्चेत गप्प बसतात. शेवटची एसटी साडेपाचला असलेल्या गावातली मुलगी सहाच्या सत्राला थांबू शकत नाही.

या सगळ्यांना एकच कसोटी लावा. लहानपणी खेळात धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. ते खेळतं, पळतं, पण त्याच्या बाद होण्याने डावावर काही परिणाम होत नाही. आपल्या उपक्रमात कोण लिंबूटिंबू आहे? जो आला नाही तर कुणाचं काही अडत नाही, ज्याच्या मताने निर्णय बदलत नाही, तो हजेरीपटावर असूनही सामील झालेला नसतो. पुढच्या सगळ्या टप्प्यांवर हा प्रश्न विचारत राहायचा.

प्रशिक्षण किती दिवसांचं असावं आणि किती जणांचं?

सलग तीन दिवस, मग सहा आठवडे स्वतःच्या गावात प्रत्यक्ष काम, मग एक दिवस आढाव्याचा. कार्यकर्ते २० ते २४, चारचारचे गट, प्रशिक्षक दोन. एकाच प्रशिक्षकावर सहा गट आले की शेवटच्या दोन गटांकडे तो पोचतच नाही आणि नेमके तेच गट प्रश्न चुकीचा मांडून पुढे जातात.

पहिल्या दिवशी सकाळी 'कोण येत नाही' याचा नकाशा, दुपारी मुलाखतीचा सराव आणि नंतर प्रत्यक्ष भेटी. दुसऱ्या दिवशी भेटींतून काय कळलं त्याची मांडणी, प्रश्न, कल्पना. तिसऱ्या दिवशी कच्चा नमुना, दुपारी चाचणी, लगेच दुरुस्ती आणि सहा आठवड्यांचा आराखडा.

भेटी आणि चाचणीसाठी येणाऱ्या तरुणांशी किमान आठ दिवस आधी बोलून ठेवा. आयत्या वेळी जे मिळतात ते बहुधा कार्यकर्त्यांचे ओळखीचेच असतात, म्हणजे आधीपासून येणारेच. आणि या तरुणांना मानधन द्या, इतर साधनव्यक्तींना देता तेवढंच. ते त्या दिवशी शिकवायला आलेले असतात.

'कोण येत नाही' याचा नकाशा कसा काढायचा?

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावाचा किंवा वस्तीचा साधा नकाशा काढायचा. वाड्या, रस्ते, शाळा, एसटीचा थांबा, पाण्याची जागा. मग गेल्या तीन उपक्रमांना कुठल्या घरांतून मुलं आली तिथे ठिपके. दहा मिनिटांत नकाशावर मोकळे भाग दिसू लागतात. बहुतेकदा ती एखादी वाडी असते, ओढ्यापलीकडचा पाडा असतो किंवा एका विशिष्ट समाजाची वस्ती असते.

त्यानंतर उपक्रमाची जागा त्याच नकाशावर दाखवा. मंदिराच्या सभामंडपात बैठक ठेवली की काही जण येत नाहीत, पाळीच्या दिवसांत काही मुली येत नाहीत. एखाद्या समाजाच्या वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवली की दुसरे काही येत नाहीत. कारण कुणी उघड सांगत नाही. जिल्हा परिषदेची शाळा किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह बहुतेक ठिकाणी त्यातल्या त्यात सगळ्यांचं असतं.

साहित्य काय लागतं? खर्च परवडत नाही.

महागड्या चिकट चिठ्ठ्यांची गरज नाही. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की हाताळायला सोपे पत्ते मिळतात. १५० कागदांत ६०० पत्ते होतात, ते २४ जणांना तीन दिवस पुरतात. भिंतीला चिकटपट्टी लावली की शाळेचा रंग निघतो आणि पुढच्या वेळी वर्ग मिळत नाही. म्हणून सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पत्ते टांगा. एक दोरी बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर बांधा, जमिनीपासून साधारण एक मीटरवर.

जाड टोकाचे मार्कर काळे आणि निळेच घ्या. पिवळा, फिकट हिरवा आणि नारिंगी रंग कमी दिसणाऱ्यांनाच काय, मागच्या रांगेतल्या कुणालाही वाचता येत नाहीत. याशिवाय ड्रॉइंग शीट २०, अर्धा किलो चिंचोके, दहा-बारा वाट्या, पुठ्ठ्याची खोकी, सुतळीचा गुंडा, मोजपट्टी, रंगीत कापडाचे दोन झेंडे. चिंचोके कशाला, ते खाली येईल.

मुलाखती घ्यायला शिकवणं सगळ्यांत अवघड जातं. कार्यकर्ते प्रश्न विचारण्याऐवजी समजावून सांगायला लागतात.

कार्यकर्त्याला बोलण्याची सवय असते, तेच त्याचं काम असतं. त्यामुळे सुरुवातीला एक कडक नियम लावा : चाळीस मिनिटांच्या भेटीत सल्ला, माहिती किंवा योजना यांतलं काहीही द्यायचं नाही. दोघांनी जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. तीन-चार जण गेले की समोरच्या घरी चौकशी आल्यासारखं वातावरण होतं.

प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारायचे. 'तुला शिबिराला यायला आवडेल का?' याला उत्तर 'हो' असंच येतं, कारण पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. त्याऐवजी, 'गणपतीत मंडळाचे खेळ होते, त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंस?' असं विचारा. मग कळतं की ती मुलगी तिथे गेली होती, वीस मिनिटं उभी राहिली, स्वच्छतागृह नव्हतं म्हणून परत आली. आवडीनिवडीच्या प्रश्नातून हे कधीच बाहेर पडलं नसतं.

तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली : दिव्यांग तरुण समोर बसलेला असताना प्रश्न त्याच्या आईला विचारले जातात. आईशी वेगळं बोला, पण आधी त्याच्याशी. त्याचं बोलणं पटकन कळत नसेल तर 'पुन्हा सांग' म्हणा, कळल्यासारखी मान हलवू नका. दुसरी : मुलीशी बोलताना घरातली वडीलधारी माणसं शेजारी असतात आणि उत्तरं तीच देतात. भेट पाणवठ्यावर, शाळेच्या आवारात किंवा मैत्रिणीच्या घरी ठेवली तर बोलणं मोकळं होतं. स्त्री कार्यकर्ती हवीच. तिसरी : टिपणात कार्यकर्ते स्वतःचा निष्कर्ष लिहितात. 'आत्मविश्वास कमी' असं लिहिलेलं टिपण काही कामाचं नाही. 'मी बोलले की सगळे हसतात, म्हणून मी नाही बोलत' हे तिचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. सरावात प्रत्येक टिपण तपासा आणि विशेषणं खोडायला लावा.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा खेळ घेतला तर कार्यकर्त्यांना जाणीव होईल ना?

हा खेळ लोकप्रिय आहे, तरी घेऊ नका. पाच मिनिटं पट्टी बांधलेल्या माणसाला भीती आणि असहायता एवढंच कळतं. लहानपणापासून न दिसणारी मुलगी आवाजावरून, पायाखालच्या स्पर्शावरून, काठीच्या टोकावरून जे कौशल्य वापरते त्यातलं काहीही त्याला येत नसतं. खेळातून दया घेऊन तो बाहेर पडतो आणि दयेतून आखलेला उपक्रम पुन्हा लिंबूटिंबूच तयार करतो.

तोच अर्धा तास एखाद्या अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या तरुणाबरोबर जागेची पाहणी करण्यात घालवा. त्याने पुढे जायचं, कार्यकर्त्याने मागून जाऊन लिहायचं.

मुलाखतींनंतर प्रश्न नेमका कसा करायचा?

सगळ्या टिपणांतली वाक्यं एकेका पत्त्यावर लिहून दोरीवर टांगा, एकमेकांशी संबंध असलेले पत्ते जवळ आणा. मग गटाने एकच प्रश्न लिहायचा : '...असं आपल्याला कसं करता येईल?'

इथे गट तीन तऱ्हांनी घसरतात. 'दिव्यांग मुलांना शिबिरात यायला प्रवृत्त कसं करायचं?' या प्रश्नात दोष मुलांकडे दिलेला आहे. 'गावात समता कशी आणायची?' हा प्रश्न सहा आठवड्यांत हाताळता येत नाही. 'शाळेला रॅम्प कसा बांधायचा?' यात उत्तर आधीच ठरलंय. याउलट हा प्रश्न बघा : 'चाकाच्या खुर्चीवरची सतरा वर्षांची मुलगी संध्याकाळच्या खेळात इतरांइतकाच वेळ खेळेल आणि सातच्या आत घरी पोचेल, असं आपल्याला कसं करता येईल?' यात माणूस आहे, वेळ आहे, आणि बदलायची जबाबदारी आयोजकांवर आहे.

तपासायला सोपी रीत : या प्रश्नाला अगदी वेगवेगळी पाच उत्तरं सुचतात का? न सुचल्यास प्रश्न अरुंद आहे. पंचवीस सुचली आणि त्यांचा एकमेकांशी संबंधच नसेल तर फार पसरलेला आहे.

कल्पना काढताना दोघे-तिघेच बोलतात. बाकीचे मान डोलावतात.

बोलण्याने सुरुवात केली की असंच होणार. आधी सहा मिनिटं शांतता. प्रत्येकाने एका पत्त्यावर एक कल्पना, किमान सहा पत्ते. लिहायला जमत नसेल त्याने चित्र काढावं किंवा जोडीदाराच्या कानात सांगून लिहून घ्यावं किंवा मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. त्यानंतर फेरी, एका वेळी एक पत्ता, मोठ्याने वाचून. अंध सहभागी असेल तर हे वाचन आवश्यकच, पण बाकीच्यांनाही त्याचा फायदा होतो, कारण न वाचता टांगलेले पत्ते कुणीच नीट वाचत नाही.

निवड करताना भिंतीवर टिकल्या लावण्याची पद्धत सगळीकडे दिसते. तिचा तोटा असा की कुणी कुठे टिकली लावली ते सगळ्यांना दिसतं आणि उशिरा येणारे गटप्रमुखाच्या मागे जातात. त्याऐवजी प्रत्येक कल्पनेपुढे एक वाटी, वाट्या पडद्याआड, प्रत्येकाला तीन चिंचोके. आत जाऊन टाकायचे. मत गुप्त राहतं, आणि वाट्यांचा क्रम एकदा सांगितला की अंध सहभागी हाताने चाचपून स्वतःच टाकतो.

वस्तूचा नमुना करता येतो. उपक्रमाचा कच्चा नमुना कसा करायचा?

सात दिवसांच्या शिबिराचा नमुना सात दिवसांचा नसतो. शिबिरातला जो अर्धा तास सगळ्यांत नाजूक आहे तेवढाच उभा करायचा. नावनोंदणीच्या टेबलापाशी काय होतं? पहिल्या जेवणाला पंगत कशी बसते, वाढपी कोण असतात, ताटं कोण उचलतं? परिचयाच्या खेळात आडनाव विचारलं जातं का? आडनावावरून जात ओळखण्याची सवय एवढी खोल आहे की पहिल्या पाच मिनिटांत मुलांचे गट पडून जातात. नुसत्या पहिल्या नावाने परिचय आणि चिठ्ठ्या टाकून पंगतीच्या जागा, हा अर्ध्या तासाचा नमुना आहे आणि त्याला शून्य रुपये लागतात.

नमुना बघण्यासाठी एक चांगली भारतीय चौकट उपलब्ध आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत २०११ मध्ये सर्वसमावेशक डिझाइनची पाच तत्त्वं मांडली गेली : समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता, सुंदर. नमुना या पाच शब्दांपुढे धरून बघा. आपले कार्यकर्ते 'सुंदर'ला हमखास वगळतात, गरजूंना सौंदर्य कशाला असं मनात असतं. वेगळी मळकी खुर्ची, फाटका वेगळा चेंडू मिळालेल्या मुलाला आपली किंमत लगेच कळते.

एखादं पूर्ण उदाहरण द्याल का?

लगोरी घ्या. सात चपट्या दगडांची उतरंड, एका संघाने चेंडू मारून ती पाडायची आणि परत रचायची, तोवर दुसऱ्या संघाने चेंडू मारून त्यांना बाद करायचं. प्रश्न असा : 'गटात एक चाकाच्या खुर्चीवरचा, एक अंध आणि एक कर्णबधिर खेळाडू असताना तिघांच्याही खेळण्याने निकाल बदलेल अशी लगोरी कशी खेळता येईल?' तिघांना गुण मोजायला बसवणं हे उत्तर इथेच बाद होतं.

पहिला नमुना : दगडांऐवजी झाकण लावलेले सात प्लास्टिकचे डबे, ते गुडघ्याच्या वर येईल अशा बाकावर. चेंडू पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधलेला, म्हणजे तो हलला की कडकड वाजतो. लगोरी पूर्ण झाली की ओरडायचं आणि त्याच वेळी झेंडा वर करायचा.

चाचणीत काय बिघडतं ते बघा. डबे पडताच चालणारे सगळे बाकाकडे धावतात, खुर्चीला बाकापर्यंत वाटच राहत नाही. पिशवी दहा-पंधरा मिनिटांत फाटते. हवेतून आलेल्या चेंडूचा आवाज अंध खेळाडूला उशिरा कळतो, अंगाला लागल्यावरच. वाळूत किंवा गवतात तर चेंडू जवळजवळ मुका होतो.

दुसरा नमुना : बाकाभोवती चुन्याने दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ, आत एका वेळी एकच जोडी आणि प्रत्येक फेरीत जोडी बदलायची. बाद करताना चेंडू फेकायचा नाही, जमिनीवरून सरपटत सोडायचा, गुडघ्याखाली लागला किंवा चाकाला लागला तर बाद. अंधांच्या क्रिकेटमध्येही आत छर्रे असलेला चेंडू खालून सरपटत टाकतात, कारण घरंगळताना तो सलग वाजतो. पिशवीऐवजी जुन्या रबरी चेंडूत छेद देऊन चार-पाच घुंगरं घालायची आणि छेद सायकलच्या पंक्चरच्या ठिगळाने बंद करायचा. खेळायला शाळेचं फरशीचं किंवा घट्ट मातीचं आवार घ्यायचं. प्रेक्षकांनी चेंडू चालू असताना गप्प राहायचं, हा नियम पाळायला सगळ्यांत कठीण जातो, त्यासाठी एक माणूस नेमावा लागतो.

तिसऱ्या नमुन्यात बदल त्या खेळाडूंनीच सुचवू द्यावेत. त्यांच्या सूचना बहुधा खेळ अवघड करणाऱ्या असतात, सोपा करणाऱ्या नाहीत. ते ऐका.

खो-खोत मात्र कर्णबधिर खेळाडूसाठी फार काही बदलावं लागत नाही. खो देताना पाठीला स्पर्श असतोच. पंचाची शिट्टी तेवढी झेंड्याने भरून काढायची.

चाचणी किती जणांबरोबर करायची?

चार-पाच जण पुरतात. मोठे दोष तेवढ्यांतच दिसतात. पन्नास जणांची एक मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच जणांच्या तीन चाचण्या, प्रत्येकीनंतर दुरुस्ती. चाचणी चालू असताना कार्यकर्त्याने मदतीला धावायचं नाही, कुणाला इजा होणार असेल तेवढा अपवाद. मदत केली की दोष झाकला जातो. शेवटी 'कसं वाटलं?' विचारू नका. 'कुठे अडलास?' आणि 'कधी कंटाळा आला?' विचारा.

जागा तपासताना कोणती मापं घ्यायची?

रॅम्पचा उतार १:१२. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो, दोन पायऱ्यांना ३६० सेंटिमीटर. दारातून दीड मीटरची फळी टाकून दोन पायऱ्या चढवणं धोक्याचं आहे, खुर्ची मागे उलटते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, स्वच्छतागृहातही. बऱ्याच शाळांत रॅम्प असतो, पण स्वच्छतागृहाच्या दाराशी पुन्हा उंबरा असतो. म्हणून मोजपट्टी घेऊन फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत अख्खी वाट चाला. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी आहे का, हेही त्याच फेरीत बघा.

निमंत्रण आणि नोंदणीत काय बदलायचं?

व्हॉट्सॲपवर फिरणारं चित्रातलं निमंत्रण अंध तरुणाच्या मोबाइलमधलं वाचक ॲप नीट वाचू शकत नाही. चित्राबरोबर तोच मजकूर साधा टाइप करून पाठवा. युनिकोडमध्येच. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी वाचक ॲपला निरर्थक अक्षरांसारखी दिसते, स्कॅन केलेली पीडीएफही तशीच निरुपयोगी. छापील मजकूर १८ पॉइंटचा, डावीकडून सरळ.

नोंदणी अर्जात दिव्यांगत्वाची टक्केवारी किंवा प्रमाणपत्र मागू नका. ते योजनांसाठी लागतं, खेळण्यासाठी नाही. एकच प्रश्न ठेवा : 'सहभागी होताना तुम्हाला यातलं काय लागेल?' आणि खाली खुणा करायला पर्याय : पायऱ्या नसलेली वाट, बसायला खुर्ची, खुणांच्या भाषेचा दुभाषी, मोठ्या अक्षरांचा मजकूर, सोबत एक माणूस, औषध थंड ठेवायची सोय, मधे विश्रांती, आहार, उपवास किंवा रोजा, प्रवासखर्च, किती वाजेपर्यंत थांबू शकता, आणखी काही. हा अर्ज सगळ्यांना द्यायचा. अनेक खुणा अशा मुलांच्या येतात ज्यांच्याबद्दल कुणालाच कल्पना नव्हती.

दुभाषी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

आधी त्या तरुणाला विचारा त्याला काय चालतं. खेड्यातल्या बऱ्याच कर्णबधिर तरुणांना भारतीय खुणांची भाषा शिकायलाच मिळालेली नसते, घरच्या खुणांवर काम चालतं. तिथे शहरातून आणलेल्या दुभाष्याचा उपयोग मर्यादित असतो, घरातलं किंवा मैत्रीतलं माणूस, चित्रं आणि करून दाखवणं जास्त पोचतं. जिथे दुभाषी हवा तिथे तासाभराहून मोठ्या सत्राला दोघे लागतात, वीस-तीस मिनिटांनी त्यांनी आलटून-पालटून काम करायचं. थकलेला दुभाषी गाळत जातो आणि ते इतरांच्या लक्षातही येत नाही. दुभाष्यामागे खिडकी नको, उजेड समोरून हवा. आणि बोलताना दुभाष्याकडे नाही, त्या तरुणाकडे बघायचं.

पालकांची परवानगी, फोटो, माहिती?

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाची स्वतःचीही विचारा. फोटोची संमती वेगळी हवी, सहभागाच्या संमतीत गुंडाळलेली नको. 'फोटो नको' म्हणणाऱ्यांना गळ्यात वेगळ्या रंगाची दोरी देऊ नका, त्यामुळे तेच उठून दिसतात. फोटो काढणाऱ्याकडे यादी द्या. मुलाखतींच्या टिपणांत नाव, वाडी आणि आजार एकत्र लिहू नका. लहान गावात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

उपक्रम खरंच समावेशक झाला हे कळणार कसं?

पहिल्या दिवसाची हजेरी फसवी असते. दुसऱ्यांदा कोण आलं ते मोजा. एका कार्यकर्त्याला तासभर फक्त नोंद करायला बसवा : कोण किती वेळा बोललं, चेंडू किंवा माइक कुणाच्या हातात किती वेळा गेला, शेवटच्या अर्ध्या तासात कोण कुठे होतं. या नोंदींची बेरीज समोर ठेवली की चर्चेला आधार मिळतो. मधेच सोडून गेलेल्यांना आठवड्याच्या आत घरी जाऊन भेटा. सगळ्यांत उपयोगी माहिती त्यांच्याकडे असते.

प्रशिक्षणानंतर कार्यकर्ते जुन्याच पद्धतीवर येतात. काय करावं?

बहुतेकदा कारण उत्साहाचं नसतं, कार्यक्रमपत्रिकेचं असतं. कार्यकर्ता परततो तेव्हा वरून तारीख, विषय आणि खर्चाचे मथळे ठरलेले असतात. भेटींना आणि चाचणीला त्यात ना वेळ असतो ना पैसे. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या आराखड्यावर त्याच्या संस्थेच्या समन्वयकाची किंवा महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची सही हवी आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : भेटींसाठी दोन अर्धे दिवस, तरुणांचं मानधन आणि प्रवासखर्च, आणि तारीख बदलण्याची मुभा.

सहा आठवड्यांत एकच छोटा उपक्रम बदलायला सांगा, दोन नाही. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटांचा फोन, त्यात एकच विचारायचं : चाचणीत काय मोडलं? 'सगळं छान झालं' असं उत्तर आलं तर चाचणी बहुधा नेहमीच्याच मुलांबरोबर झालेली असते. तेव्हा नकाशा पुन्हा काढायला लावा आणि मोकळ्या भागातलं एक घर त्याच आठवड्यात ठरवून घ्या. आढाव्याच्या दिवशी त्या घरातल्या तरुणालाही बोलवा, आणि उपक्रमाबद्दल पहिल्यांदा त्याला बोलू द्या.